‘हे बघा’ न म्हणता

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

दिवाळीची सुट्टी संपली. सकाळपासून माझ्या खोलीसमोर प्राध्यापकांची रांग. कुणी सुट्टीत पासवर्ड विसरलंय, कुणाचा माइक खरखरतोय, कुणाची परीक्षा पोर्टलवर चढली पण मुलांना दिसत नाही. मला ही रांग आवडते.

काल मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर आई कुणाला तरी सांगत होती, "आमचा फेबियन प्रोफेसरांना शिकवतो."

घरी आल्यावर म्हटलं, "शिकवत नाही गं, मदत करतो."

"मदत करतो म्हणजे त्यांना येत नाही ते तुला येतं. मग शिकवतोच ना?"

हे ती आमच्या वटार गावच्या बोलीत म्हणाली. मी लिहायला बसलो की माझी बोली शाळेचा गणवेश घालते.

आईला तरी काय सांगू? माझ्या पदाचं नाव ‘अध्यापन-तंत्रज्ञान साहाय्यक’. ते नेमकं काय, हे मलाच नीट सांगता येत नाही. गेल्या वर्षापर्यंत मी याच कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत होतो. प्रिंटर, केबली, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. मग ऑनलाइन तासांचं पोर्टल आलं आणि प्राचार्य श्रीरंग सरांनी बोलावून घेतलं. "मशिनांची सेवा पुरे झाली, आता माणसांची कर." करार जानेवारीअखेर संपतो. पुढचं कुणी बोलत नाही आणि विचारायचा मला धीर होत नाही. तरी देवाचे उपकार. काम आवडतं, असं किती जणांना म्हणता येतं?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सगळ्यांचे विषय पोर्टलवर येऊ लागले. एकट्या ठोंबरे मॅडम राहिल्या.

जयवंती ठोंबरे, गणित. विरारला एकट्या राहतात, निवृत्तीला तीनेक वर्षं असतील. मी कॉमर्सचा, त्यामुळे त्यांच्या हाताखाली कधी आलो नाही; पण त्यांचा तास चालू असला की बाहेरून जाणारी माणसंसुद्धा चपला हळू टाकतात.

आज लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. नमस्कार केला. त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारलं, "कोण?"

"फेबियन, मॅडम. पोर्टलचा."

"हं. बोल."

इतके महिने एका इमारतीत वावरतोय, रोज जिन्यात भेटतो, आणि "कोण?" मी पोर्टलचं पान त्यांच्यासमोर उघडलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे परत सरकवला. "तू वाच, मी ऐकते." अख्खं पान वाचून घेतलं माझ्याकडून, मुलाकडून धडा वाचून घ्यावा तसं. मग म्हणाल्या, "ठीक. मी बघेन."

बघणार नाहीत, हे मला माहीत आहे. मोठ्या माणसांचं असंच असतं. समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायचीसुद्धा तसदी नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मॅडमना मेल टाकली. उत्तर नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं. उत्तरादाखल त्यांचा आवाज आला, "फेबियन, काय असेल ते फोन करून सांग, लिहीत बसू नकोस." टाइप करायलाही कमीपणा.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारलं, तर म्हणे मॅडमनी गेल्या वर्षापासून खडू हातात घेतलेला नाही. एक मुलगी पुस्तकातलं गणित मोठ्यानं वाचते, दुसरं कुणी फळ्यावर मांडतं, मॅडम खिडकीपाशी उभ्या राहून बोलतात. वय झालं की माणूस कामं वाटून देतो.

जोआनाला सांगितलं. माझी बायको चर्चच्या शाळेत बालवाडी सांभाळते, त्यामुळे तिचे प्रश्न नेहमी तिरके. तिनं विचारलं, "आवाजात राग होता की भीती?"

मी म्हटलं, गणिताच्या बाईंना भीती कसली?

बुधवार, २६ नोव्हेंबर

प्राचार्यांनी बोलावलं. फेब्रुवारीत तपासणी समिती येतेय, त्याआधी प्रत्येक विषयाचे निदान थोडे तास तरी रेकॉर्ड होऊन पोर्टलवर हवेत. "मागे कोण आहे?"

मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मोठ्या बाई आहेत, मी काय बोलू? पण जमत नसेल तर स्वेच्छानिवृत्ती आहेच, असं त्यांच्या कानावर घाल हळूच."

हे माझं काम आहे का? खरं लिहायचं तर बाहेर पडताना क्षणभर बरंच वाटलं, की आता कळेल त्यांना. जिना उतरेपर्यंत ते बरं वाटणं ओसरलं. मॅडमकडे गेलो, पण निवृत्तीचा शब्द काढला नाही. एवढंच म्हटलं, "मॅडम, एक तरी तास रेकॉर्ड करावाच लागेल. मंगळवारी या."

त्यांनी मंगळवार बोटांवर मोजला. मग म्हणाल्या, "येते. पण स्लाइड तू कर. मी सांगते तशा. आणि कुठल्या मागून कुठली ते मला तोंडी सांग, मी पाठ करते."

"पाठ कशाला? समोर दिसतीलच की."

त्या हसल्या. "हो. दिसतीलच."

मंगळवार, २ डिसेंबर

आजचं कसं लिहू?

मॅडम वेळेवर आल्या, अबोली रंगाची साडी नेसून. रेकॉर्डिंगच्या खोलीत मागे मोठा पडदा, समोर कॅमेरा, बाजूला मी. हातात कागद नाही. विषय अनंत श्रेणीचा. अर्धा घ्या, त्यात पाव मिळवा, त्यात आठवा भाग, त्यात सोळावा. मिळवत राहा, मिळवत राहा, बेरीज एकच्या जवळ जाते. असं काही बोलत होत्या की कॅमेरा आपण चालवतोय हेच मी विसरलो. कॉमर्सच्या माणसाला गणित ऐकताना पहिल्यांदाच पुढे काय होतं याची उत्सुकता लागली.

मध्येच केबल सैल झाली. पडदा निळा पडला, वर ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरं. मला वाटलं, आता थांबतील.

मॅडम वळल्या, त्या निळ्या पडद्याकडे हात केला आणि म्हणाल्या, "हे बघा. हा आलेख इथे रेषेच्या किती जवळ आलाय. पण टेकत नाही." आणि मुलांना समजल्यावर शिक्षक जसे हसतात तशा त्या रिकाम्या निळ्याकडे बघून हसल्या.

मी कॅमेरा बंद केला नाही. त्या शेवटपर्यंत बोलल्या. मग विचारलं, "बरं झालं का रे?"

"मॅडम, पडदा बंद पडला होता."

"कधी?"

"आलेखाच्या आधी."

त्यांनी मागे हात करून खुर्ची चाचपली आणि बसल्या. मग म्हणाल्या, "दार लावून घे."

त्यांना लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. डोळ्यांच्या आतला पडदा ताणून ताणून मधोमध झिजला. आधी एक डोळा, गेल्या वर्षी दुसरा. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे नंबर वाढवून उपयोग नाही. "कडेकडेचं दिसतं," त्या म्हणाल्या. "म्हणून जिना चढते, रिक्षा थांबवते. मेसेज शेजारच्या मुलीकडून वाचून घेते, चष्मा सापडत नाही म्हणून. कुणाला संशय येत नाही. पण जिथे नजर लावावी तिथे नेमका डाग. अक्षर नाही, आकडा नाही. तुझा चेहरा सोडून बाकी सगळा फेबियन मला दिसतो."

तेव्हा उलगडलं. त्या माझ्या खांद्यापलीकडे बघायच्या, ते त्यांना मी दिसावा म्हणून.

"कुणाला बोलू नकोस. पुण्याला माझी मुलगी दिपिका आहे, तिलाही माहीत नाही. तिला कळलं तर दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाईल. इथे कळलं तर हातात नारळ देतील. फेबियन, मला अजून शिकवायचंय रे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

बुधवार, ३ डिसेंबर

जोआनाला सांगितलं. कुणाला म्हणजे बायकोलाही नाही, असं मॅडम म्हणाल्या नव्हत्या, अशी मी मनाची समजूत घातली. "मी विचारलं होतं ना," असं ती म्हणाली नाही. फक्त विचारलं, "मग आता तू काय करणार?"

मी काय करणार? पोर्टल, स्मार्टबोर्ड, स्लाइड, व्हिडिओ. नऊ महिने मी लोकांना जे जे शिकवलं ते सगळं बघायचंच होतं. ज्याला बघता येत नाही अशा शिक्षकाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. तशी मुलंही असतीलच की वर्गात.

दिवसभर जे सापडलं ते वाचत बसलो. पडदा वाचून दाखवणारे आवाज असतात. ते आपल्या रोजच्या फोनमध्ये आधीपासून असतात. माझ्याही खिशात होता, इतकी वर्षं, न बोलता.

रविवार, ७ डिसेंबर

मिस्सा करून आम्ही दोघं विरारला मॅडमच्या घरी गेलो. जोआनाला सांगितलंय हे मी फोनवर आधीच कबूल केलं होतं; मॅडम म्हणाल्या, तिलाही आण. फोनमधला वाचणारा आवाज सुरू करून दिला. बोट फिरवलं की त्या जागी काय आहे ते तो सांगतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. तो आवाज मराठी बोलू लागला तशा मॅडमनी कपाळाला हात लावला. "ही बाई बोलतेय की बँकेतली नोटीस वाचतेय?"

मॅडम चटकन शिकतात आणि चटकन चिडतात. दोनदा फोन सोफ्यावर आपटला. तिसऱ्यांदा पटकन एक मेल उघडली. कुठल्या तरी जुन्या विद्यार्थ्याची होती. तो आता स्वतः कुठेतरी शिकवतो, मॅडमची आठवण येते, असं काहीबाही. त्या बाईनं ते नोटिशीच्याच आवाजात वाचलं. मॅडम ऐकत राहिल्या. संपल्यावर त्यांनी पुन्हा दोनदा टिचकी मारली आणि ती पहिल्यापासून ऐकली.

"कितीतरी दिवसांनी माझं पत्र मी स्वतः वाचलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं आता जा. मला वाचायचंय."

जिना उतरताना जोआनानं माझा हात धरला. देवा, हे काम तू मला दिलंस.

शनिवार, १३ डिसेंबर

पण गणित त्या आवाजाला येत नाही. चिन्हं गिळतो. मुळाचं चिन्ह आलं की गप्प, कंस आला की गप्प. म्हणून कॉलेज सुटल्यावर मी वाचतो.

"एक्स अधिक एक भागिले एक्स वजा—"

"थांब. भागिले कशाला? नुसत्या एकला की सगळ्याला? कंस कुठे उघडला, कुठे मिटला, ते तू सांगितलंच नाहीस."

"मॅडम, ते दिसतंय की."

"कुणाला?"

त्यातून मला सुचलं. व्हिडिओ सोडून द्यावा. नुसता आवाज रेकॉर्ड करू. पण मग एक नियम पाळायचा: ‘हे बघा’, ‘इथे’, ‘ते वरचं’ असं काही म्हणायचं नाही. प्रत्येक गोष्ट नावानं सांगायची. मॅडमना सवय तीस वर्षांची. दर वाक्याला ‘हे बघा’ येतं. आलं की मी हात वर करतो, तोही समोर नाही, बाजूला, म्हणजे कडेच्या नजरेला सापडतो. आज पहिला तास पुरा व्हायला संध्याकाळ झाली. शेवटी त्यांनी दटावलं, "आता हात वर केलास तर घरी जाईन."

पण झाला. पोर्टलवर चढवला. प्राचार्यांना कळवलं, ठोंबरे मॅडमचं काम सुरू झालं. निवृत्तीची गोष्ट त्यांनी काढली नाही. मीही नाही.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळ. गावातल्या पोरांनी यंदा चर्चपुढच्या नाताळच्या देखाव्यात गोठ्याला खऱ्या पेंढ्याचं छप्पर केलंय. सकाळी मॅडमचा फोन आला. "नंबर मीच लावला. तोंडी सांगितलं, त्या नोटीसवालीनं लावून दिला." आईनं फोन हातातून घेतला आणि त्यांना नवीन वर्षात जेवायला यायचं आमंत्रण दिलं.

करार संपायला महिना राहिला. आज त्याची काळजी करायची नाही असं ठरवलं होतं. थोडी केली.

सोमवार, ५ जानेवारी २०२६

आज एक मुलगी खोलीत आली. पिंकी, दुसरं वर्ष, गणित. मी तिला याआधी पाहिलेलंच नव्हतं.

"सर, मॅडमचा पुढचा ऑडिओ कधी टाकणार?"

"तू वर्गात येत नाहीस का?"

"नाय जमत ना सर. वालीवला पॅकिंगला आहे मी, कंपनीत. घरी मीच कमावते. व्हिडिओ बघायला घेतला की सुपरवायझर ओरडतो. पण ऑडिओ चालतो, इअरफोन लावायचा आणि हात चालू ठेवायचे. मॅडम सगळं सांगतात ना, कंस कुठं सुरू, कुठं बंद. डोक्यात लिहिल्यासारखं होतं. सर, मी गणित सोडणार होते. फॉर्म पण आणला होता विषय बदलायचा."

"मग?"

"मग काय, फाडला."

तिच्यासारख्या अजून पाच-सहा जणी आहेत म्हणे, तिच्याच कंपनीत. मॅडमना सांगितलं. त्यांनी माइक जवळ ओढला. म्हणाल्या, "चल, पुढचा तास घेऊ." आज एकदासुद्धा ‘हे बघा’ आलं नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

आवाजाच्या तासांची बातमी पसरली. रसायनशास्त्राचे व्हिव्हियन सर आले, त्यांनाही आवाजाचे तास करायचेत. मग अर्थशास्त्र, मग भूगोल. मी सगळ्यांना एकच सांगतो: डोळे मिटून बसलेल्या माणसाला शिकवताय असं समजा. व्हिव्हियन सर म्हणाले, "ही कल्पना तुला कुठून सुचली?" मी म्हटलं, अशीच.

आपल्या कामाला नेमकं काय म्हणावं ते मला अजून सांगता येत नाही, पण ते काय आहे हे आता कळू लागलंय. शिकवणाऱ्याला जे माहीत आहे ते शिकणाऱ्यापर्यंत पोचताना वाटेत काय काय आडवं येतं, ते शोधून बाजूला करायचं. हे जन्मभर करायला मला आवडेल.

आणि आजच प्राचार्यांनी सांगितलं. पोर्टल भरत आलंय, तेव्हा या पदाची आता गरज काय, असं संस्थेच्या सचिवांचं म्हणणं आहे. अठ्ठावीसला बैठक, सगळे शिक्षक असतील, तिथे ठरेल. "मी माझ्या परीनं बोलेन," सर म्हणाले. त्यांच्या आवाजावरून त्यांची परी किती ते कळलं.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "आवाज का बसलाय तुझा?" सांगितलं. त्यांनी फक्त बैठक किती वाजता ते विचारलं आणि पुढचं प्रकरण वाचायला सांगितलं. मला जरा वाईट वाटलं. दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्यांना त्यांचं कमी आहे का?

बुधवार, २८ जानेवारी

बैठक सभागृहात. मला प्रोजेक्टरसाठी बोलावलं होतं, त्यामुळे माझाच विषय निघाला तेव्हा मी केबल हातात धरून उभा.

सचिव म्हणाले, "पोर्टल झालं, उत्तम झालं. आता बटणं दाबायला वेगळा माणूस कशाला? लॅबवाल्यांकडे द्या."

प्राचार्य काही तरी बोलू लागले. तेवढ्यात मधल्या रांगेतून ठोंबरे मॅडम उभ्या राहिल्या. माइक मागितला नाही. त्यांना लागत नाही.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या.

सचिवांनी हातातला कागद खाली ठेवला.

"गेल्या वर्षापासून मला फळा वाचता येत नाही, पुस्तक वाचता येत नाही, तुमच्यापैकी एकाचाही चेहरा दिसत नाही. तरी माझा वर्ग भरतो. कारखान्यात उभ्यानं काम करणाऱ्या मुली माझा तास ऐकतात आणि गणितात टिकतात. हे कसं झालं? या सभागृहात एकच माणूस मला ‘मॅडम, तुम्ही असं करा’ म्हणाला आणि ते करायला जमेपर्यंत शेजारी बसून राहिला. बटणं मला आता दाबता येतात. त्यासाठी माणूस लागत नाही. कुठलं बटण आणि कशासाठी, हे कळायला लागतो."

सचिव गडबडले. "मॅडम, म्हणजे... साधारण किती दिसतं आपल्याला?"

"आपण तिथे बसलाय एवढं दिसतं. कसे बघताय ते दिसत नाही. त्यानं काही अडत नाही."

कुणी तरी हसलं, मग बरेच जण हसले. प्राचार्य उठून त्यांच्यापाशी गेले. खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, मला आधी सांगायचंत."

"सर, सांगितलं असतं तर तुम्ही मला जपलं असतंत. मला शिकवायचं होतं."

केबल अजून हातातच होती.

शनिवार, ७ फेब्रुवारी

पुष्कळ घडलं, ते क्रमानं लिहून ठेवतो.

मॅडमना कुणी नारळ दिला नाही. वर्गात त्यांच्यासाठी लिहायला एक मदतनीस द्यायचं ठरलंय. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी दिपिकाला फोन केला. ती पुण्याहून आली, रडली, भांडली, सामान बांधायला काढलं. मग मॅडमनी तिला कॉलेजात आणून शेवटच्या बाकावर बसवलं. तास संपल्यावर ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मी सामान पुन्हा कपाटात लावते." सोमवारी परत पुण्याला जाईल.

आणि माझं पद राहिलं. तीन वर्षांसाठी. सचिवांनी स्वतः सही केली. त्या दिवशी मॅडम बोलल्या आणि माझा विषय त्या गडबडीत आपोआप मार्गी लागला. कसा योगायोग! मला वाटतं, लपवून लपवून त्या दमल्या होत्या. कधी ना कधी सांगणारच होत्या, नेमका तो दिवस निघाला. देवाच्या मनात असलं की तो एका दगडात दोघांचं भलं करतो. रात्रीच्या रोझरीच्या प्रार्थनेत मी त्याचे आभार मानले.

हे सगळं जोआनाला सांगत होतो. ती मागल्या दारी आईनं केळी वाळवून केलेली सुकेळी पानात बांधत बसली होती. ती थांबली आणि माझ्याकडे बघू लागली, बालवाडीतल्या पोरानं उलटसुलट बूट घातले की बघते तशी.

"काय झालं?" मी म्हटलं.

"काही नाही." तिनं पुडा घट्ट बांधला, वर दोरीची दुहेरी गाठ मारली आणि माझ्या बॅगेपाशी ठेवला. "हे सोमवारी मॅडमना दे."

"कशाबद्दल म्हणून सांगू?"

"काही सांगू नकोस. त्यांना कळेल."

आई आतून म्हणाली, अजून एक पुडा बांध गं, मोठा.

बायकांचं आपसांत काय चालतं कोण जाणे. पुडा आठवणीनं न्यायला हवा.